उणे किरण आणि मेश्राम सर

मी मंडईत गवार निवडत होते आणि भाजीवाली मला ती निवडू देत नव्हती. "सगळी सारखीच आहे ताई, तुमच्यासाठी वेगळी शेती नाही केली," असं ती सुनावत असतानाच फोन वाजला. शोभाताई होत्या. "वैशाली, हे गेले गं. पहाटे, झोपेतच. हार्ट." आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, "तुझ्या मशीनचा ह्यात काही संबंध नाही. मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. तेव्हा तू उगाच डोक्यात काही घेऊ नकोस." नवरा जाऊन काही तास झाले होते आणि ही बाई माझी समजूत घालत होती. मी हातातली गवार तिथंच टाकली. भाजीवालीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझी पिशवी ओढून घेतली आणि स्वतःच कोवळी कोवळी निवडून तिच्यात भरायला लागली…

शोभाताईंचे 'हे' म्हणजे प्राध्यापक सुधाकर मेश्राम. आमचे मेश्राम सर. पुण्यातल्या एका कॉलेजात ते गणित शिकवायचे. शरीरानं पुण्यात आणि जिभेनं भंडारा जिल्ह्यात, असं त्यांचं कायमचं वास्तव्य होतं. वडील मँगनीजच्या खाणीत कामाला, मुलगा शिष्यवृत्तीवर शिकत शिकत पुण्यापर्यंत आला आणि इथल्या आमटीत गूळ सापडल्यावर त्याला जो धक्का बसला त्यातून तो अनेक वर्षं सावरला नाही. "मॅडम, तुम्ही लोक डाळीला फसवता," असं ते मला म्हणायचे. मी सदाशिव पेठेत वाढलेली. हे वाक्य मी वैयक्तिक घ्यायचे. ऐन उदारीकरणाच्या त्या वर्षांत पुण्यातल्या कारखान्यांना अचानक खर्च कमी करायची घाई झाली होती आणि सरांच्या विषयाला एकदम भाव आला होता. कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त काम कसं करायचं, ह्याचं ते गणित. एका दूध डेअरीचे टँकर कोणत्या रस्त्यानं फिरवावेत ते त्यांनी काढून दिलं होतं. टँकरवाल्यांना ते उत्तर मुळीच आवडलं नाही, कारण त्यांच्या चहाच्या टपऱ्या त्या रस्त्यावर नव्हत्या. सरांनी मग चहाच्या टपऱ्या गणितात घातल्या. माणसाला सोडून काढलेलं उत्तर अपुरं असतं, हे त्यांना तिथं कळलं असं ते सांगायचे.

माझी त्यांची ओळख झाली ती त्यांच्या चुलत्यांमुळे. मी एका हॉस्पिटलच्या रेडिएशन विभागात फिजिसिस्ट होते. म्हणजे कॅन्सरच्या गाठीवर किरण किती, कुठून आणि किती वेळ सोडायचे, ह्याचा आराखडा करणारी बाई. डॉक्टर गाठ कुठं आहे ते आखून देतात आणि तिला किती मात्रा हवी ते सांगतात, पुढचा हिशोब आमचा. अडचण अशी, की किरण गाठीपर्यंत उडी मारून जात नाहीत. वाटेत त्वचा लागते, फुप्फुस लागतं, मज्जारज्जू लागतो, आणि किरण प्रत्येकाला थोडं थोडं भाजत जातात. म्हणून ते वेगवेगळ्या दिशांनी सोडायचे, म्हणजे गाठीवर सगळे एकत्र येतात आणि बाकीच्यांच्या वाट्याला थोडे थोडे येतात. त्या काळी हे सगळं आम्ही हातानं, हिरव्या अक्षरांच्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर करत असू. एक दिशा निवडायची, दुसरी निवडायची, चित्र बघायचं, मान हलवायची, पुन्हा करायचं.

सरांचे चुलते गावाहून, तुमसरहून, उपचाराला आले होते. ते आत असताना सर माझ्या दारात येऊन उभे राहिले. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि न विचारता आत येणारा आवाज.

"ह्या दिशा तुम्ही कशा ठरवता?"

"अनुभवानं," मी म्हटलं. पुण्यात ह्या एका शब्दावर संभाषण संपतं.

"म्हणजे अंदाजानं."

मला राग आला. मी त्यांना आमची पद्धत नीट समजावून सांगितली, जरा जास्तच नीट. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ठीक. पण ह्याहून चांगलं उत्तर नाही हे तुम्हाला कसं कळतं? थांबायचं कधी, ते कसं ठरवता?"

मी खरं ते सांगून टाकलं. "जेवायची वेळ झाली की."

सर असे हसले की आमचे विभागप्रमुख डॉ. आगाशे त्यांच्या केबिनमधून बाहेर आले. त्यांना वाटलं कोणाला तरी झटका आला. पुढे सरांनी आपल्या वर्गात अनेक वर्षं हे उदाहरण वापरलं. "गणनपद्धती कुठं थांबवायची ह्याचे अनेक निकष आहेत. पुण्याच्या हॉस्पिटलात जेवण हा निकष वापरतात." त्यांचे विद्यार्थी पुढे मला भेटले की माझ्याकडे आदरानं बघायचे, आणि तो आदर कशाबद्दल आहे हे मला माहीत असायचं.

चुलते बरे होऊन तुमसरला परत गेले, पण सर यायचे थांबले नाहीत. दर शनिवारी कॉलेज सुटलं की आमच्या विभागात. त्यांचं म्हणणं सोपं होतं. आधी दिशा ठरवून मग काय होतं ते बघण्याऐवजी, आधी काय हवंय ते लिहा. गाठीला एवढं मिळालंच पाहिजे, मज्जारज्जूला ह्याच्या वर मिळता कामा नये, फुप्फुसाला जमेल तितकं कमी. मग प्रत्येक किरणाचे बारीक बारीक तुकडे करा, प्रत्येक तुकड्याची ताकद हे एक अज्ञात समजा, आणि हजारो अज्ञातांमधून सर्वांत चांगलं उत्तर गणिताला शोधू द्या. "तुमचा किरण मॅडम, भंडाऱ्याच्या माणसासारखा आहे. एका घरी बोलावलं तर वाटेत चार घरी चहा पिऊन जातो."

"पुण्याच्या माणसासारखा का नाही?"

"पुण्यात वाटेतल्या घरी कोणी चहा विचारत नाही. पुण्याचा किरण असता तर तुम्हाला माझी गरजच नव्हती."

परदेशात अशा प्रणाली निघायला लागल्या होत्या, पण त्यांची किंमत ऐकून आमच्या विश्वस्तांनी पाणी मागितलं होतं. तेव्हा सरांनी आपला एक जुना विद्यार्थी पकडला. केतन. त्याची सॉफ्टवेअर कंपनी कर्वेनगरमध्ये एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. त्या दिवसांत पुण्यात प्रत्येक गिरणीच्या, लाँड्रीच्या आणि झेरॉक्सच्या दुकानाच्या वर एक सॉफ्टवेअर कंपनी असायची आणि प्रत्येकीच्या नावात 'ग्लोबल' हा शब्द असायचा. केतनच्या ग्लोबल कंपनीत खाली ज्वारी दळायला लागली की वर टेबलं थरथरायची आणि की-बोर्डवर पिठाचा पातळ थर बसायचा. पण केतन हुशार होता, आणि सरांना अजून घाबरत होता. हे दोन्ही गुण एका माणसात मिळणं कठीण.

पहिलं उत्तर आलं तो दिवस मी विसरणार नाही. गणित दुपारभर चाललं होतं. डॉ. आगाशे स्वतः कर्वेनगरला आले होते, गिरणीच्या जिन्यावरून चढताना कोटाची एक बाही पांढरी करून. पडद्यावर आकडे उमटले. शून्य, शून्य, शून्य… खालपर्यंत शून्यच. सगळ्या किरणांची ताकद शून्य.

केतन पांढरा पडला, आणि तो पिठामुळे नव्हे. सर मात्र खूष झाले. "वा! उत्तर अगदी बरोबर आहे. निरोगी अवयवांना कमीत कमी इजा व्हावी असं आपण सांगितलं. सर्वांत कमी इजा कधी होईल? किरण सोडलेच नाहीत तर. गाठीला किमान किती हवं, ती अट केतन लिहायला विसरला."

"म्हणजे पेशंटला घरी पाठवा, असं तुमचं गणित म्हणतं," डॉ. आगाशे म्हणाले.

"हो. आणि विचारलेल्या प्रश्नाचं ते सर्वोत्तम उत्तर आहे."

"हे सांगायला मला गिरणी चढायची गरज नव्हती."

अट घातली. पुढच्या शनिवारी आकडे आले, आणि त्यांतले काही उणे होते. म्हणजे काही दिशांनी पेशंटमध्ये किरण सोडायचे आणि काही दिशांनी पेशंटमधून किरण काढून घ्यायचे. गणिताला ते अतिशय सोयीचं वाटलं होतं. मज्जारज्जूवर चुकून जास्त पडलं तर उणे किरण मारून पुसून टाकायचं. डॉक्टर बराच वेळ चष्म्यावरून त्या आकड्यांकडे बघत राहिले. "मेश्राम, हे काढून घेतलेले किरण ठेवायचे कुठं? तुमच्या कॉलेजात जागा आहे का?"

सरांनी तो कागद उचलून वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. "डॉक्टर," ते गंभीरपणे म्हणाले, "असं मशीन निघालं तर मला जरूर कळवा. फार सुंदर उत्तर आहे हो हे." आणि त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर आमच्या विभागात न होण्यासारखी कुठलीही गोष्ट 'उणे किरण' झाली. वेळेवर येणारी लिफ्ट, उणे किरण. मार्चच्या आत मंजूर होणारी सुट्टी, उणे किरण.

मग वजनांचं भांडण झालं. कुठला अवयव किती महत्त्वाचा ते डॉक्टरांनी एक ते दहा गुणांत सांगायचं, असं ठरलं. डॉ. आगाशेंनी सगळ्यांना दहा दिले. सरांचं टाळकं फिरलं की भंडारा बाहेर यायचा. "काहून? सगळेच पहिले काहून? असं कसं करून राहिले तुम्ही डॉक्टर? सगळे पहिले म्हणजे कोणीच पहिला नाही!"

"मी डॉक्टर आहे, परीक्षक नाही. तुमच्या कुठल्या अवयवाला मी चार देऊ ते सांगा."

जाताना जिन्यात सर मला म्हणाले, "मॅडम, तो माणूस बरोबर बोलतो. गुण देणं हेच कठीण आहे. बाकीचं कॉम्प्युटर करतो."

हळूहळू उत्तरं माणसात आली. आम्ही केतनच्या गणिताचं उत्तर थेट कधी वापरलं नाही. ते आधी आमच्या नेहमीच्या प्रणालीत पुन्हा तपासायचं, मग मशीनखाली पाण्याची टाकी ठेवून तेवढे किरण त्या पाण्यात सोडायचे आणि मोजायचे. पाण्यात बरोबर आलं तरच माणसात. पहिली पेशंट एक बालवाडीची शिक्षिका होती. गाठ मज्जारज्जूला अशी बिलगलेली, की माझ्या जेवणाच्या निकषानं तिचं काही भलं झालं नसतं. तिचे उपचार सुरू झाले त्या दिवशी सर कॉलेजला दांडी मारून आले आणि कंट्रोल रूममध्ये माझ्या खुर्चीमागे हात बांधून उभे राहिले. मशीन तिच्याभोवती फिरत होतं, किरण अडवणाऱ्या धातूच्या पट्ट्या आत-बाहेर सरकत होत्या, आणि सर इतके गप्प होते की मी दोनदा वळून पाहिलं. सगळं आटोपून ती बाई चालत बाहेर आली, चपला शोधल्या आणि म्हणाली, "एवढंच?" सर तिला नमस्कार करून म्हणाले, "एवढंच, ताई." त्यांना पोचवायला मी गेटपर्यंत गेले. तिथं त्यांनी दोन वडापाव घेतले आणि दोन्ही स्वतःच खाल्ले. माझं त्यांना भानच नव्हतं.

काही वर्षांनी विश्वस्तांना पाझर फुटला. नवं मशीन आलं, त्याबरोबर परदेशी प्रणाली आली. आमचं ते गिरणीवरचं गणित निवृत्त झालं. मला वाईट वाटलं, सरांना नाही. मॅन्युअल चाळून ते म्हणाले, "पद्धत तीच आहे. त्यांचंही पहिलं उत्तर शून्यच आलं असणार. फक्त त्यांनी कोणाला सांगितलं नाही."

पुढे सर निवृत्त झाले, वाघोलीला फ्लॅट घेऊन राहायला गेले आणि एका शनिवारी पुन्हा माझ्या दारात उभे राहिले. ह्या वेळी बरोबर शोभाताई होत्या आणि सरांच्या मानेवर उजवीकडे एक गाठ. "मॅडम, आता पलीकडच्या बाजूनं आलोय," ते म्हणाले. उजव्या टॉन्सिलचा कॅन्सर. बरा होण्यासारखा, पण किरणांनीच.

अशा उपचारात धोका असतो तो लाळग्रंथींना आणि स्वरयंत्राला. लाळ गेली की घास गिळवत नाही, चवही जाते. स्वरयंत्राला जास्त बसलं तर आवाज बसतो. उजवी लाळग्रंथी गाठीला लागूनच होती, ती वाचवणं शक्य नव्हतं. डावी आणि स्वरयंत्र ह्यांत थोडं इकडे-तिकडे करता येत होतं. गाठीची मात्रा मात्र कमी करणार नाही, हे डॉ. आगाशेंनी आधीच बजावलं. सरांनी एक उत्तर घ्यायचं नाकारलं. "मला उत्तरांची रांग दाखवा," म्हणाले. मग मी आठवडाभर खपून रांग लावली. एका टोकाला पूर्ण आवाज आणि कोरडं तोंड, दुसऱ्या टोकाला ओलं तोंड आणि घोगरा आवाज, मधे सगळ्या छटा. शोभाताईंनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "साड्यांसारखंच आहे की. हे बघा, जेवणाकडची घ्या."

"आवाजाकडची," सर म्हणाले.

"मी टेलिफोन खात्यात जन्म काढला, लोकांचे आवाज ऐकून कान किटलेत माझे. एक कमी झाला तर बरंच. जेवणाकडची दे गं वैशाली. ह्या माणसाला दोन दिवस बेचव जेवण मिळालं तर तिसऱ्या दिवशी आयुष्यावर रुसतो."

"आवाजाकडची," सर पुन्हा म्हणाले. दोघंही हटेनात. बाहेर पेशंट खोळंबले होते. शेवटी शोभाताई पाणी प्यायला बाहेर गेल्या तेव्हा मी सरांना विचारलं, की सर, तुम्ही? ठेचा सोडून आवाज? त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "मॅडम, चव गेली तर मी एकटा उपाशी राहीन. पण मुलगी अमेरिकेत आहे. घरात आम्ही दोघंच. मी बोलायचा थांबलो तर ही भांडेल कोणाशी?"

शोभाताई परत आल्या, आणि दोघांचं पुन्हा सुरू झालं. डॉ. आगाशे दारात उभे राहून हे ऐकत होते. ते आत आले, पडद्यावर बरोबर मधल्या आराखड्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाले, "दोघांनाही दहापैकी दहा. हा घ्या. जेवायची वेळ झालीय."

उपचारांचे ते आठवडे सोपे नव्हते. सर सुकले, शेवटी शेवटी नुसत्या पातळ पेजेवर होते, आणि त्या पेजेकडेसुद्धा संशयानं बघायचे. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून मान टेबलाला पक्की करतात. त्यात बोलता येत नाही. शोभाताई म्हणाल्या, लग्नानंतर एवढी शांतता पहिल्यांदाच लाभली, आणि तोंड फिरवून बराच वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. गाठ गेली ती परत आली नाही. सरांचा आवाज परत आला तो थोडा खरखरीत होऊन, आणि लाळ निम्मी. पाण्याची बाटली कायमची हातात आली. पण खरा अपघात वेगळाच झाला. त्यांना तिखट सोसेना. ज्या माणसानं आयुष्यभर माझ्या आमटीला नावं ठेवली तो गुळाचं वरण मागून खायला लागला. मला फोन करून, तो खरखरीत आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुमच्या किरणांनी शेवटी डाव साधला. मला पुणेकर करून टाकलं." त्यानंतरची अनेक वर्षं ते हे प्रत्येकाला सांगत होते, आणि दर वेळी दोष माझ्या आराखड्यावर ढकलत होते. चांगली वर्षं होती ती. भांडणाची, शनिवारच्या फोनची, मुलीकडे अमेरिकेत जाऊन तिथल्या टॅक्सीवाल्याला सर्वोत्तम मार्ग समजावून सांगण्याची.

मागच्या रविवारी वाघोलीला गेले होते. सर गेल्यावर घरी बुद्धवंदना झाली तेव्हा गर्दी होती, केतनही आला होता, त्याची कंपनी आता काचेच्या इमारतीत आहे. ह्या खेपेला मात्र आम्ही दोघीच होतो. मुलगी आदल्याच दिवशी परत गेली होती. शोभाताईंनी जेवायला थांबवलं. स्वयंपाकघरात गॅसवर दोन पातेली होती, दोन्हींत वांग्याची भाजी. एकावर लाल तर्री, दुसरी फिकी पिवळी. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "हात थांबत नाही गं," त्या म्हणाल्या. "फोडणी झाली की अर्धी आपोआप बाजूला काढली जाते." मग त्यांनी फिकी भाजी माझ्या ताटात वाढली. "तू पुण्याचीच. तुला चालेल."

आम्ही जेवायला बसलो. एक खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. खाली रस्त्यावर डंपर जात होते. शोभाताईंनी दोन घास खाल्ले आणि हात ताटातच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या…

"बोल ना काहीतरी," त्या म्हणाल्या. "भाजीला नावं ठेव."

भाजी उत्तम झाली होती. मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

"मुळीच कमी नाही," शोभाताई ताडकन म्हणाल्या, आणि आणखी एक डाव भाजी त्यांनी माझ्या ताटात वाढली.